हॉलर : मळ्यातून उठलेली हाक

इंग्रजीच्या बोलीत मोठ्याने ओरडण्याला ‘हॉलर’ म्हणतात. शिष्ट लेखनात हा शब्द फारसा येत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत मात्र तो घराघरांत आहे. अंगणात खेळणाऱ्या पोराला जेवायला बोलावणे, बांधावरून शेजाऱ्याला साद घालणे, अडचणीत सापडल्यावर मदतीसाठी हाक मारणे, या साऱ्यासाठी तिथला माणूस हाच शब्द वापरतो. विसाव्या शतकात त्याला आणखी एक अर्थ चिकटला. कापसाच्या मळ्यात एकट्याने राबणारा कृष्णवर्णीय मजूर जी लांबलचक, गाती हाळी देई, तिला अभ्यासक ‘फील्ड हॉलर’ म्हणू लागले. ब्लूज नावाचे संगीत ज्या मुळांतून वर आले, त्यांतले सर्वांत खोल गेलेले मूळ हेच आहे, असे माझे मत आहे. युरोपातल्या शिकाऱ्यांच्या तोंडचा हा शब्द गुलामांच्या गळ्यापर्यंत कसा पोहोचला, आणि त्या गळ्यातून जगभरच्या संगीतात काय उतरले, त्याची ही हकीगत.

मूळ फ्रेंच आहे. ‘हो’ ही लक्ष वेधण्याची हाक आणि ‘ला’ म्हणजे तिथे. दोन्ही मिळून ‘होला’, म्हणजे ‘ए, थांब!’ सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा उद्गार ‘हॉला’ होऊन इंग्रजीत आला, तो थांबण्याचा हुकूम म्हणूनच. शेक्सपिअरच्या ‘ॲज यू लाइक इट’मध्ये सीलिया आपल्या बडबड्या चुलत बहिणीला जिभेला ‘हॉला’ म्हणायला सांगते, म्हणजे जिभेला लगाम घालायला सांगते. त्याच शतकात ‘हॉलो’ हे रूपही रुळले. ते विशेष करून शिकारीच्या रानातले. कोल्ह्याच्या मागावर सुटलेल्या कुत्र्यांना चेव आणण्यासाठी आणि लांबवर पांगलेल्या घोडेस्वारांना दिशा कळवण्यासाठी हॉलो घालत. कोलरिजच्या १७९८ सालच्या प्रसिद्ध दर्यावर्दी काव्यात तो अल्बट्रॉस पक्षी खलाशांच्या हॉलोला ओ देऊनच जहाजाजवळ येत असतो. पुढे बोलण्याच्या ओघात शेवटच्या ‘ओ’चा ‘अर’ झाला. अशिक्षितांच्या तोंडी ‘यलो’चा ‘यलर’ आणि ‘फेलो’चा ‘फेलर’ झाला, तसाच ‘हॉलो’चा ‘हॉलर’. सतराव्या शतकाच्या अखेरीस हे रूप अमेरिकेतल्या इंग्रजीत लेखी सापडते.

याच कुळातला एक शब्द आपण रोज उच्चारतो, तो म्हणजे ‘हॅलो’. टेलिफोनचा जनक ग्रॅहॅम बेल याला फोनवर बोलणे सुरू करताना ‘अहॉय’ ही खलाशांची हाक हवी होती. एडिसनचे मत वेगळे होते. १५ ऑगस्ट १८७७ रोजी पिट्सबर्गच्या एका तार कंपनीच्या अध्यक्षाला लिहिलेल्या पत्रात त्याने कळवले, की घंटेची गरज नाही, ‘हॅलो’ ही हाक दहा-वीस फुटांवरून ऐकू येते. पुढच्याच वर्षी न्यू हेवन शहराच्या टेलिफोन पुस्तिकेत ग्राहकांना संभाषण ‘हलोआ’ने सुरू करण्याची सूचना छापली गेली. शिकारीच्या हाकेची ही एक शाखा तारेवरून जगभर गेली आणि मराठी घरांतही येऊन बसली. दुसऱ्या शाखेची नोंद मात्र कोणी पत्रात केली नाही, कारण ती ज्यांच्या तोंडी होती त्यांना लिहायला-वाचायला शिकवणे अनेक राज्यांत कायद्याने गुन्हा होता.

त्या शाखेची गोष्ट सुरू होते एका रविवारी, ९ सप्टेंबर १७३९ रोजी, साउथ कॅरोलायनातल्या स्टोनो नदीच्या काठी. जेमी नावाच्या पुढाऱ्यासह सुमारे वीस गुलामांनी एक दुकान फोडून बंदुका आणि दारूगोळा ताब्यात घेतला आणि ते दक्षिणेकडे निघाले. तिकडे फ्लोरिडा स्पेनच्या ताब्यात होता आणि तिथे पोहोचणाऱ्या गुलामांना स्वातंत्र्य मिळेल असे स्पेनने जाहीर केले होते. वाटेत ते ढोल वाजवत चालले. ढोल ऐकून मळ्यामळ्यांतून माणसे येऊन मिळत होती. दुपारी एका मोकळ्या रानात ते थांबले, नाचू-गाऊ लागले, ढोल घुमवून आणखी सोबती जमवू लागले. तिथेच हत्यारबंद गोऱ्यांच्या तुकडीने त्यांना गाठले. या उठावात वीसहून अधिक गोरे मारले गेले, आणि गुलाम त्याहून कितीतरी जास्त.

वसाहतीच्या कायदेमंडळाने यातून जो धडा घेतला तो १७४०च्या कायद्यात उतरला. गुलामांनी जमावाने फिरणे, स्वतःसाठी पिकवणे, लिहायला शिकणे यांवर बंदी आली. एकमेकांना इशारा देता येईल किंवा एकत्र बोलावता येईल अशी मोठ्या आवाजाची वाद्ये बाळगायलाही मनाई झाली. ढोल आणि शिंगे यांची त्यात नावे घेऊन नोंद आहे. पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या माणसांच्या हातातून अशा रीतीने त्यांचे वाद्य कायद्याने काढून घेतले गेले. गळा काढून घेता येत नव्हता. खरे तर मालकांना तो गळा चालू हवा होता. स्वतः गुलामीत वाढलेल्या फ्रेडरिक डग्लसने आपल्या आत्मकथनात लिहून ठेवले आहे, की गप्प राहणारा गुलाम मुकादमाला आवडत नसे. आवाज चालू असला की कोण कुठे आहे ते कळते आणि कामही हलते. म्हणून गुलामांना गायला, आवाज करायला बजावले जाई. हे गाणे ऐकून गुलाम सुखी आहेत असा निष्कर्ष काढणाऱ्यांचे डग्लसला कमालीचे आश्चर्य वाटे. माणूस सर्वांत जास्त दुःखी असतो तेव्हा सर्वांत जास्त गातो, हे त्याने स्वानुभवाने सांगितले.

१७९३ साली एली व्हिटनीने सरकी वेगळी करणारे यंत्र आणले. हाताने सरकी काढण्याचे किचकट काम यंत्र करू लागले, तशी कापसाची लागवड वाढवणे फायद्याचे झाले, आणि लागवड वाढली तशी राबणाऱ्या हातांची भूकही. १७९० साली अमेरिकेत सुमारे सात लाख गुलाम होते, १८६० साली सुमारे चाळीस लाख. १८०८पासून परदेशातून गुलाम आणण्यावर बंदी होती, म्हणून ते देशातच खरीदले-विकले गेले. व्हर्जिनिया-मेरीलँडकडून मिसिसिपी, अलाबामा, लुइझियाना या कापसाच्या मुलुखात सुमारे दहा लाख माणसे हलवली गेली. आईपासून मूल आणि नवऱ्यापासून बायको तोडून हे स्थलांतर झाले. आफ्रिकेच्या वेगवेगळ्या भागांतून आलेल्यांचे वंशज या मुलुखात एकत्र आले. हॉलरची भूमी ती हीच.

त्या काळातले या हाकेचे एक उत्तम वर्णन एका प्रवाशाने केले आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा करणारा फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड त्याआधी वृत्तपत्रासाठी दक्षिणेत हिंडत होता. साउथ कॅरोलायनात एका मध्यरात्री हसण्या-खिदळण्याने त्याला जाग आली. रेल्वेचा माल चढवणारी गुलामांची टोळी शेकोटीभोवती जेवत बसली होती. एकाएकी त्यांतल्या एकाने आवाज लावला. तसा आवाज ओल्मस्टेडने आयुष्यात ऐकला नव्हता. लांब, बुलंद, सुरेल अशी ती आरोळी चढत गेली, उतरत गेली, मध्येच फुटून वरच्या बारीक आवाजात शिरली, आणि थंडीच्या स्वच्छ हवेत रणशिंगासारखी रानभर घुमली. ती संपताच दुसऱ्याने उचलली, मग तिसऱ्याने, मग कितीतरी जणांनी मिळून. ओल्मस्टेडने हे १८५६च्या आपल्या पुस्तकात छापले.

१८६५ साली यादवी युद्ध संपले आणि गुलामगिरी कायद्याने गेली. जमीन मात्र पूर्वीच्याच मालकांकडे राहिली. मुक्त झालेल्या माणसांना ती वाट्याने कसायला मिळू लागली. बी-बियाणे, खेचर, अवजारे, खायचे पीठ हे सारे मालकाच्या दुकानातून उधारीवर. हंगामाच्या शेवटी मालकच हिशेब करी, आणि हिशेबात कुळाकडे बहुधा देणेच निघे. विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूस पिकवणाऱ्या वाचकाला हे चक्र समजावून सांगायला नको.

या बदलाचा आवाजावर थेट परिणाम झाला. गुलामीत टोळ्यांनी काम होई, तेव्हा पुढच्याने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ती झेलायची अशी सामूहिक गाणी होती, आणि कुदळी-कुऱ्हाडी त्यांच्या ठेक्यावर एकदम पडत. आता प्रत्येक कुटुंबाचा तुकडा वेगळा झाला. खेचरामागे नांगर धरून चालणारा माणूस सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत एकटा होता. मिसिसिपी आणि याझू या नद्यांमधला तो सपाट प्रदेश, ज्याला तिथे डेल्टा म्हणतात, डोंगर-टेकडीशिवाय मैलोन्‌मैल पसरलेला आहे. पलीकडच्या शेतातल्या माणसाला ऐकू जाईल एवढा आवाज काढायचा, तर तो लांबवावा लागतो. ठेका सांभाळण्याची गरज नाही, कारण कुणाच्या कुऱ्हाडीशी जुळवायचे नाही. हॉलरचा घाट असा कामातूनच घडला.

आपल्याकडच्या रसिकाला तो घाट सहज कळेल. आवाज एकदम वरच्या सप्तकात लागतो, तिथे ठरतो, आणि मग मींड घेत, गिरक्या घेत खाली उतरतो. ताल नाही, सम नाही. गंधार कोमल म्हणावा तर तसा नाही आणि शुद्ध म्हणावा तर तसाही नाही, त्या दोन्हींच्या मधल्या जागी तो हेलकावत राहतो. पुढे ब्लूजच्या सुरावटीची ओळख ठरलेली ‘ब्लू नोट’ ती हीच. मध्येच आवाज मुद्दाम फोडायचा आणि क्षणभर खोट्या, बारीक आवाजात जायचे. शब्द कधी असतात, कधी नुसते ‘ओ’ आणि ‘हो’. पाणक्या पोरा लवकर ये, दुपार झाली, सूर्य अजून बुडत का नाही, या खेचराला काय झाले, बायको सोडून गेली, इथून जावेसे वाटते, असे त्याचे विषय. प्रत्येकाची हाळी वेगळी असे आणि ती ऐकून लांबूनच माणूस ओळखू येई. ऐकणारा आपल्या शेतातून आपल्या सुराने उत्तर देई.

नांगराइतकेच या हाकेला बळ मिळाले ते नदीच्या बांधांवर. मिसिसिपीचा पूर अडवण्यासाठी मातीचे प्रचंड बांध घालायचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालले होते. त्यांना तिथे ‘लेव्ही’ म्हणतात. खेचरांच्या जोड्यांनी ओढायच्या घमेल्यांतून माती वर चढवायची, राहायला तंबू, शहर-गाव लांब, आणि ठेकेदाराचा शब्द म्हणजे कायदा. मुकादमाला ‘कॅप्टन’ म्हणायचे. या छावण्यांत जन्मलेल्या हाळ्यांना ‘लेव्ही कँप हॉलर’ असे स्वतंत्र नाव पडले. त्यांत ‘कॅप्टन’ला उद्देशून बरेच काही आहे.

समोर बोलण्याची सोय नव्हती, म्हणून सुरात बोलायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर लवकरच न्यूयॉर्कच्या एका स्टुडिओत बिग बिल ब्रून्झी, मेम्फिस स्लिम आणि सनी बॉय विल्यमसन हे तीन ब्लूज कलावंत अ‍ॅलन लोमॅक्स या संग्राहकाशी मोकळेपणाने बोलले. त्या बोलण्यात एक युक्ती आली आहे. मालकाला शिवी द्यायची असेल तर खेचराने पाय तुडवल्याचा बहाणा करायचा आणि शिवी खेचराला हासडायची, ऐकणारा मालक काय ते समजो. ध्वनिमुद्रण परत ऐकवल्यावर तिघेही घाबरले. आपली नावे कळली तर दक्षिणेत राहणाऱ्या नातेवाइकांवर संकट येईल, असे त्यांनी लोमॅक्सला बजावले. दहा-एक वर्षांनी ते ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले ते खोट्या नावांनी, आणि खरी नावे छापली गेली १९९० साली. तोवर तिघांपैकी कुणीही हयात नव्हते. हॉलर ऐकताना हे भय लक्षात ठेवले पाहिजे. शब्दांऐवजी नुसते ‘ओ’ आणि ‘हो’ का, याचे एक उत्तर त्यात आहे.

बाहेरच्या जगाच्या कानावर ही हाक कशी पडली, ते एका मळ्याच्या नावाभोवती पाहता येते. डेल्टातल्या क्लार्क्सडेल गावाजवळ स्टोव्हॉल नावाचा मोठा मळा होता. १९०१-०२ साली हार्वर्डचे पुरातत्त्वज्ञ चार्ल्स पीबडी त्या भागात प्राचीन टेकाडे खणत होते. खणणारे मजूर दिवसभर गात. पीबडींचे लक्ष टेकाडातल्या वस्तूंवरून या आवाजांकडे वळले. खेचरामागे चालणाऱ्या एका नांगऱ्याच्या आणि स्टोव्हॉलच्या मळ्यावरच्या एका म्हाताऱ्याच्या गाण्याने ते चकित झाले. त्यांच्या ओळखीच्या कोणत्याच संगीताशी ते जुळेना. १९०३ साली त्यांनी अमेरिकी लोकसाहित्याच्या नियतकालिकात त्यावर टिपण लिहिले. योगायोगाने, साधारण त्याच काळात, तिथून जवळच टटवायलर स्थानकावर गाडीची वाट पाहणाऱ्या डब्ल्यू. सी. हँडी या बँडमास्तराने फाटक्या कपड्यांतल्या एका माणसाला गिटारच्या तारांवर सुरी घासत गाताना ऐकले. हँडीने पुढे ब्लूजला छापील स्वरलिपीत आणले. मळ्यातल्या हाकेला तारेची साथ मिळाली होती. गळा जे करत होता, तेच सुरी तारेवर करू लागली.

या नात्याची साक्ष कलावंतांनीच दिली आहे. डेल्टातला थोर गायक सन हाउस सांगे, की लहानपणी आम्ही शेतात सदा गात असू, ते खरे गाणे नव्हते, नुसते हॉलर करणे होते, पण आपल्यावर जे गुजरत होते त्यावरच आम्ही ते रचत असू, आणि ब्लूज तिथूनच सुरू झाले असावेत. १९२७ साली टेक्सस अलेक्झांडर नावाच्या मजुराने ध्वनिमुद्रिकांसाठी गायला सुरुवात केली. त्याला वाद्य येत नव्हते आणि मात्रा मोजायची सवय नव्हती. तो शेतात गावे तसा गाई. साथीला लॉनी जॉन्सनसारखा कसबी गिटारवादक होता, पण या माणसाची साथ करणे किती अवघड होते ते त्याने पुढे सांगितले आहे.

१९३३चा उन्हाळा या कथेतला निर्णायक म्हटला पाहिजे. टेक्ससचे जॉन लोमॅक्स पासष्टीचे होते, पत्नी वारलेली, बँकेतली नोकरी मंदीत गेलेली. अठरा वर्षांच्या मुलाला, अ‍ॅलनला, बरोबर घेऊन ते लोकगीते गोळा करायला फोर्ड मोटारीतून निघाले. अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाने त्यांना ध्वनिमुद्रण यंत्र दिले. त्याचे वजन सुमारे १४० किलो होते. बसायच्या जागा काढून ते मोटारीत कोंबावे लागले. ते तबकड्यांवर आवाज कोरत असे. लोमॅक्स पितापुत्र मुख्यतः तुरुंगांत गेले, कारण रेडिओ आणि ग्रामोफोनपासून तुटलेल्या कैद्यांकडे जुनी गाणी टिकली असतील असा जॉन यांचा कयास होता. तो खरा ठरला. लुइझियानातल्या अँगोला तुरुंगात त्यांना लेड बेली हा गायक भेटला. मिसिसिपीतल्या पार्चमन तुरुंगात, म्हणजे सुमारे वीस हजार एकरांच्या त्या तुरुंगमळ्यात, गुलामीच्या काळातली सामूहिक श्रमगीते जशीच्या तशी जिवंत होती. ती जिवंत असण्याचे कारण भीषण आहे. गुलामगिरीतली कामाची पद्धतच तिथे जिवंत होती. बंदुकीच्या पहाऱ्याखाली रांगेने कापूस वेचणारे ते जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय होते.

लोमॅक्स पितापुत्रांचे ऋण मोठे आहे आणि त्यावर एक डागही आहे. नॅशव्हिलच्या तुरुंगात दगड फोडणारा ‘ब्लॅक सॅमसन’ नावाचा कैदी ‘लेव्ही कँप हॉलर’ जाणत होता, पण तो धर्माला लागला होता आणि अशी ऐहिक गाणी गाणे पाप मानत होता. लोमॅक्सनी मन वळवून पाहिले, तुरुंगाच्या पाद्र्याने देवाकडे रदबदली करण्याचे आश्वासन दिले, तरी तो बधला नाही. शेवटी तुरुंगाधिकाऱ्याने सांगितले, तेव्हा तो उभा राहिला. आपला आवाज कोरला जातो आहे याची खात्री करून घेऊन त्याने आधी तबकडीवर आपला निषेध नोंदवला, की पवित्र होऊ पाहणाऱ्या गरीब माणसावर अशी वेळ यावी हे कठीण आहे, पण साहेबांनी सांगितले म्हणून गातो. मग तो गायला. हा प्रसंग स्वतः लोमॅक्सनीच कौतुकाने छापला. आज वाचताना त्यातले कौतुक टिकत नाही. ज्याला नाही म्हणता येत नव्हते त्याच्याकडून ते गाणे घेतले गेले होते.

तरीही ही तबकडी नसती तर तो निषेधही उरला नसता. संग्राहकांच्या या कामानेच १९३०च्या दशकात ‘हॉलर’ हा शब्द संगीताच्या परिभाषेत आला. १९३९ साली हर्बर्ट हालपर्ट यांनी मिसिसिपीतल्या एडवर्ड्स गावात थॉमस मार्शल नावाच्या गायकाची हाळी मुद्रित केली आणि त्या प्रकाराचे त्याने सांगितलेले नाव ‘अरहूली’ असे लिहून घेतले. १९६० साली ख्रिस स्ट्रॅकविट्झ यांनी आपल्या ध्वनिमुद्रिका कंपनीला तेच नाव दिले. १९४१ साली अ‍ॅलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क स्टोव्हॉलच्या मळ्यावर गेले. चाळीस वर्षांपूर्वी पीबडींनी त्या म्हाताऱ्याला जिथे ऐकले होते, तो हाच मळा. तिथे ट्रॅक्टर चालवणाऱ्या एका तरुणाचे गाणे त्यांनी मुद्रित केले. त्याचे नाव मडी वॉटर्स. १९४३ साली तो शिकागोला गेला. शहराच्या गोंगाटात साधी गिटार ऐकू येईना म्हणून त्याने विजेची गिटार धरली, आणि त्याच्या एका गाण्यावरून पुढे लंडनच्या काही पोरांनी आपल्या बँडचे नाव ठेवले, रोलिंग स्टोन्स.

१९४७ साली अ‍ॅलन लोमॅक्स टेपरेकॉर्डर घेऊन पुन्हा पार्चमनला गेला. ‘टँगल आय’ आणि ‘बामा’ या टोपणनावांच्या कैद्यांनी तेव्हा गायलेल्या हाळ्या या प्रकाराचे शिखर मानल्या जातात. पुढे लोमॅक्सने एका ध्वनिमुद्रिकेत मिसिसिपीतल्या कैद्याची हाळी आणि सेनेगलमधल्या शेतकऱ्याचे गाणे आळीपाळीने जोडून ऐकवले. एकाचा सूर कुठे संपतो आणि दुसऱ्याचा कुठे लागतो, हे कानाला सांगता येत नाही. ढोलावर बंदी घालणाऱ्यांना गळ्यातला समुद्रापार आलेला हा सूर कळला नव्हता.

मळ्यातली हाक थांबली ती यंत्राने. २ ऑक्टोबर १९४४ रोजी क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन मळ्यात कापूस वेचणाऱ्या यंत्रांचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. कसलेला मजूर तासाला वीस पौंड कापूस वेचतो, यंत्र हजार पौंडांपर्यंत वेचत होते. मालकाच्या हिशेबाप्रमाणे एका गाठीला हाताने वेचण्याचा खर्च सुमारे ३९ डॉलर, यंत्राने सव्वापाच. त्यानंतर कुळांना जमिनीवर ठेवण्याचे कारण उरले नाही. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क, लॉस एंजलिसकडे गेले. वांशिक हिंसा आणि अपमान हे त्यामागचे कारण होतेच, त्याला बेकारीची जोड मिळाली. आणि जे मागे उरले ते ट्रॅक्टरच्या आवाजात कुणाला हाक मारणार? नॉर्थ कॅरोलायनाच्या तंबाखू पिकवणाऱ्या भागात गोरे शेतकरीही सकाळी आपण धडधाकट आहोत हे शेजाऱ्याला हॉलर करून कळवत. टेलिफोन आला आणि ती रीत गेली. तिची आठवण म्हणून स्पायव्हीज कॉर्नर या चिमुकल्या वस्तीत १९६९पासून हॉलर करण्याची राष्ट्रीय स्पर्धा भरे. २०१६ नंतर तीही बंद पडली.

मळे शांत झाले, पण तबकड्यांवरचा आवाज बाजारात फिरत राहिला. अलाबामात लोकांच्या घरी धुणी-भांडी करून पोट भरणाऱ्या व्हेरा हॉल हिचा १९३७च्या सुमाराचा आवाज १९९९ साली मोबी या संगीतकाराच्या अल्बममधून लाखो घरांत गेला. ती वारली होती १९६४ सालीच. जेम्स कार्टर यांच्या वाट्याला थोडा न्याय आला. १९५९ साली पार्चमनमध्ये कैदी असताना त्यांनी लाकडे फोडताना म्हटलेले गाणे २०००च्या ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ या चित्रपटात वापरले गेले आणि त्याचा अल्बम प्रचंड खपला. लोमॅक्स यांच्या संग्रहालयातल्या लोकांनी शोध घेऊन शिकागोत त्यांना गाठले आणि वीस हजार डॉलरचा पहिला धनादेश हातात दिला. कार्टर तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेले होते आणि ते गाणे गायल्याचे त्यांना आठवतही नव्हते. बहुतेकांच्या बाबतीत असा शोध झाला नाही. अनेक हाळ्यांखाली आजही गाणाऱ्याचे फक्त टोपणनाव आहे.

अ‍ॅलन लोमॅक्स यांच्या संग्रहातली हजारो ध्वनिमुद्रणे २०१२पासून इंटरनेटवर फुकट ऐकता येतात. ब्लूज आणि रॉक आवडणाऱ्या प्रत्येक मराठी श्रोत्याने आधी टँगल आयची १९४७ची हाळी ऐकावी, मग मडी वॉटर्सची १९४१ची स्टोव्हॉलवरची गाणी, आणि त्यानंतर आपल्या आवडीच्या गायकाकडे वळावे.